कवडसा, सावली आणि आरसा : मुलांसोबत प्रकाशाचे प्रयोग करायला बसण्याआधी

सहावीला पहिल्यांदा विज्ञान शिकवायला घेतलं त्या वर्षीची गोष्ट. वर्गाच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती आणि सकाळच्या तासाला फरशीवर चार-पाच कवडसे पडायचे. ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ हे वाक्य मी फळ्यावर लिहीत होते, तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, पत्र्याचं भोक तर वाकडंतिकडं आहे, मग कवडसा गोल कसा?” मला उत्तर येत नव्हतं. “उद्या सांगते” म्हटलं, आणि ते शोधता शोधता सगळं प्रकरण मलाच नव्याने शिकावं लागलं.

तेव्हापासून दरवर्षी हे प्रयोग मुलांकडून करून घेते. सुरुवातीची दोन वर्षं त्यातले निम्मे फसले. पुस्तकात कृती दिलेली असते, पण ती कुठे फसते हे लिहिलेलं नसतं. काठी जराशी कललेली असते, खोलीत हवा तेवढा अंधार नसतो, आरशाची रेघ चुकीच्या कडेला मारलेली असते. मग आकडे जुळत नाहीत आणि मुलं पुस्तकातलं उत्तर वहीत उतरवतात. ते होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही नव्याने विज्ञान शिकवायला लागलेले शिक्षक असाल किंवा घरी मुलाला घेऊन बसणारे आईबाबा, तर याच क्रमाने जा. व्याख्या शेवटी येऊ द्या.

लागणारं सामान

- पुठ्ठा, सुई, कात्री, काळा कागद, चिकटपट्टी
- सरळ काठी किंवा पाइप, बरोबर १ मीटर
- ओळंबा (दोरीला जड नट बांधला तरी चालतो), सुतळी, खडू
- मोजपट्टी आणि मीटर टेप, कोनमापक, टाचण्या
- सपाट आरशाच्या दोन-तीन पट्ट्या. काच-आरशाच्या दुकानात कापातले तुकडे मागितले की मिळतात. कडांना घरी आणल्या आणल्या चिकटपट्टी लावा.
- मोबाइलचा टॉर्च, कंगवा, छोटा चेंडू
- एक वही, फक्त याच कामासाठी

१. आधी डोळ्यांचा नियम

सूर्याकडे थेट बघायचं नाही. भोकातून नाही, आरशातून नाही, काळ्या काचेतून किंवा जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधूनही नाही. दृष्टिपटल भाजतं तेव्हा दुखत नाही, त्यामुळे मुलाला वेळेवर कळतच नाही. या सगळ्या प्रयोगांत सूर्याकडे पाठ असते आणि आपण जमिनीवर किंवा भिंतीवर बघत असतो. आरशाचा कवडसा कुणाच्या तोंडावर किंवा रस्त्यावरच्या गाडीवाल्यावर टाकायचा नाही, हेही त्याच दिवशी सांगून टाका. मी हा नियम मुलांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते.

२. कवडसा पकडा

पुठ्ठ्यात तीन भोकं पाडा, एक त्रिकोणी, एक चौकोनी, एक गोल, प्रत्येक साधारण ५ मिलिमीटरचं. उन्हात पुठ्ठा धरा आणि त्याच्यामागे एक वीत अंतरावर कागद. कागदावर त्रिकोण त्रिकोणीच दिसेल, चौकोन चौकोनीच. आता कागद हळूहळू लांब न्या. कोपरे बोथट होत जातात. चार-पाच मीटरवर तिन्ही कवडसे गोल आणि जवळजवळ सारखे होतात.

तो गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा. भोकातून सूर्याच्या वरच्या कडेचा प्रकाश खाली जातो, खालच्या कडेचा वर जातो, डावीकडचा उजवीकडे. प्रत्येक किरण सरळच जातो, म्हणून समोर उलटा सूर्य उमटतो. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं: भोक कसंही असो, लांब गेल्यावर आकार सूर्याचा दिसतो. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण होतं. त्या वेळी झाडाच्या पानांमधून पडलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला होता. मुलं ग्रहण विसरून जमिनीवरच्या कोरी मोजत बसली होती.

आता मोजमाप. भोकापासून कवडशापर्यंतचं अंतर मोजा आणि कवडशाचा व्यास मोजा. ५ मीटरवर तो ५ सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो. इथे दोन ठिकाणी गफलत होते.

पहिली, कागद तिरपा धरला तर कवडसा लांबट होतो. फरशीवरचा कवडसा म्हणूनच अंडाकृती दिसतो. कागद किरणांना काटकोनात धरा, गोल नीट दिसला की मगच मोजा.

दुसरी, भोकाचा स्वतःचा आकार कवडशात मिसळलेला असतो. ५ मिलिमीटरचं भोक असेल तर मापातून ५ मिलिमीटर वजा करा. मग साधारण ४.७ सेंटिमीटर उरतात.

५०० ला ४.७ ने भागलं की १०६-१०७ येतात. म्हणजे सूर्य त्याच्या व्यासाच्या जवळजवळ १०७ पट दूर आहे. सूर्याचं अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर, त्याला १०७ ने भागा, १४ लाख किलोमीटर येतात. सूर्याचा खरा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर आहे. पत्र्याच्या भोकातून आणि शाळेच्या मोजपट्टीने हे माप निघतं! एखाद्या मुलाचं उत्तर १२ किंवा १६ लाख आलं तरी त्याला चूक म्हणू नका, पण कुठे फरक पडला ते त्याच्याकडूनच शोधून घ्या.

घरात लांब अंतर मिळत नसेल तर आरसा वापरा. आरशाला काळा कागद चिकटवून मध्ये बोटाच्या नखाएवढी जागा उघडी ठेवा, आरसा खिडकीत ठेवून ऊन समोरच्या खोलीच्या भिंतीवर टाका. दहा मीटरवर सुमारे साडेनऊ सेंटिमीटरचा सूर्य मिळतो, त्यात उघड्या जागेचं माप मिळवा. भिंतीजवळ अंधार हवा, पडदे ओढून घ्या. उजेडात हा कवडसा इतका फिका पडतो की मुलांना वाटतं प्रयोग झालाच नाही.

या ‘१०७’ ला वहीत चौकट करून ठेवा. पुढे दोनदा लागणार आहे.

३. काठीची सावली

आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत या उभ्या काठीला शंकू म्हणतात. गच्ची किंवा सारवलेलं अंगण चालेल, पण जागा सपाट हवी. थोडं पाणी ओता, ते एकाच बाजूला धावत असेल तर दुसरी जागा बघा. काठी ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा. एका बाजूने सरळ दिसणारी काठी दुसऱ्या बाजूने कललेली असते, आणि सगळ्यात जास्त प्रयोग इथेच फसतात.

सकाळी दहापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण आणि बाजूला वेळ. थोड्याच वेळात मुलं तक्रार करतील की टोक नक्की कुठे संपतं ते कळत नाही. तक्रार खरी आहे. सूर्य हा ठिपका नाही, तबकडी आहे. त्यामुळे गडद सावलीच्या कडेला एक धूसर पट्टा असतो, जिथे सूर्याचा काही भाग अडलेला असतो आणि काही नाही. गडद भाग म्हणजे प्रच्छाया, धूसर भाग म्हणजे उपच्छाया. हा पट्टा केवढा, तर अडथळ्यापासूनच्या अंतराचा १०७ वा भाग. म्हणजे टोकापासून सावली एक मीटरवर असेल तर सुमारे ९ मिलिमीटर, आणि जमिनीवर तिरपी पडली की आणखी थोडा जास्त. जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र, म्हणजे तिथलं प्रचंड सूर्यघड्याळ, २७ मीटर उंच आहे, त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, पण तिचीही कड अशीच धूसर असते.

उपाय सोपा आहे. काठीच्या डोक्यावर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आडवा चिकटवा आणि त्याला ३ मिलिमीटरचं भोक पाडा. पुठ्ठ्याच्या सावलीच्या मध्ये एक कवडसा पडेल. त्याच्या मध्याला खूण करा. कवडशाने सावलीची अडचण सोडवलेली मुलांना फार आवडते, आणि मापातली चूक दोन-तीन मिलिमीटरवर येते. मात्र आता काठीची उंची म्हणजे जमिनीपासून भोकापर्यंतची उंची, हे लक्षात ठेवा.

सर्वांत लहान सावली बारा वाजता पडेल असं जवळजवळ प्रत्येक मूल सांगतं. पडत नाही. घड्याळातली भारतीय वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला आहे. एका अंशामागे चार मिनिटं. मुंबईत ही तूट सुमारे साडेअडतीस मिनिटांची होते. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून वर्षभर ही वेळ मागेपुढे होते. मुंबईत माध्यान्ह, म्हणजे सर्वांत लहान सावलीची वेळ, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५२ मिनिटांच्या आसपास असते. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे ती पंचवीस मिनिटं आधी येते. बाराच्या ठोक्याला खूण करून प्रयोग आवरू नका.

माध्यान्हीच्या सुमारास सावलीची लांबी इतकी कमी बदलते की ‘सर्वांत लहान’ खूण ओळखणं कठीण जातं. त्यासाठी जुनी रीत वापरा. काठीच्या बुंध्याला सुतळी बांधून, सकाळची खूण जिथे आहे तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. दुपारी सावलीचं टोक पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, तिला बुंध्यातून काढलेला लंब म्हणजे दक्षिण-उत्तर. होकायंत्राची गरज नाही. शुल्बसूत्रांपासून, म्हणजे यज्ञवेदीच्या मापांच्या प्राचीन ग्रंथांपासून, ही रीत आपल्याकडे चालत आली आहे.

वर्षातून तीन दिवस तरी हे माप घ्याच. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास पुण्यात १ मीटर काठीची माध्यान्हीची सावली सुमारे साडेतेहतीस सेंटिमीटर असते, नागपुरात साडेअडतीसच्या थोडी वर. कागदावर काठी आणि सावलीचा काटकोन त्रिकोण काढून वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजा. पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस अंशांच्या जवळ येईल. तोच तुमच्या गावाचा अक्षांश. नकाशाच्या पुस्तकात पडताळून बघायला मुलांना सांगावं लागत नाही, ती आपणहून धावतात. २२ डिसेंबरला पुण्यात सावली ९० सेंटिमीटर होते, आणि नागपुरात ती जवळपास काठीएवढीच.

४. शून्य सावलीचा दिवस

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये राहणाऱ्यांना वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर मिळतो आणि तेव्हा उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. दिल्लीकरांना तो कधीच मिळत नाही. आपल्याकडचे मे महिन्यातले दिवस साधारण असे: पणजी २-३ मे, कोल्हापूर ६-७, सातारा आणि सोलापूर १०-११, पुणे १३-१४, मुंबई १५-१६, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक १९-२०, जळगाव २५, नागपूर २६. दुसरी खेप जुलै-ऑगस्टमध्ये येते, तेव्हा बहुतेक वेळा आभाळ भरलेलं असतं. म्हणून मे महिनाच धरा. शाळेला सुट्टी असते, तेव्हा हा प्रयोग घरच्या गच्चीवरचा. एक दिवस मागेपुढे झाला तरी हिरमुसायचं नाही, १ मीटर काठीला तीन-चार मिलिमीटरचाच फरक पडतो.

वेळ मात्र चुकवू नका. त्या वेळी सावली मिनिटाला सुमारे चार मिलिमीटर सरकते. मुंबई-पुण्याकडे साडेबारानंतरची पाच मिनिटं, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. दहा मिनिटं आधी सगळं मांडून बसा, डोक्यावर टोपी आणि हाताशी पाणी असू द्या.

काय ठेवायचं? माणूस उभा करू नका. खांदे आणि डोकं यांची सावली पायाशी पडतेच, आणि मूल म्हणतं “सावली तर दिसतेय”. पाण्याचा स्टीलचा पेला पालथा घाला, डबा ठेवा, पाइपचा तुकडा ओळंब्यात उभा करा. पाइपच्या आत चारी बाजूंनी सारखं ऊन पडलं की सूर्य डोक्यावर आला. सावली गेलेली नसते, ती वस्तूच्या बरोबर खाली असते. एका टोकाने पेला उचलून दाखवा.

त्यानंतर जुलैअखेरीपर्यंत महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला ऊन मिळालं तर बघा: पुण्यात १ मीटर काठीची सुमारे साडेआठ सेंटिमीटर सावली, आणि तीही दक्षिणेला. ‘आपल्याकडे दुपारची सावली नेहमी उत्तरेला’ असं काही ठिकाणी सरसकट लिहिलेलं असतं, ते या दोन-अडीच महिन्यांना लागू नाही.

वर्षातून दोनदा का, हे समजवायला मी कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव सांगते. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. नोव्हेंबरची तारीख २२ डिसेंबरच्या सुमारे एकेचाळीस दिवस आधी, फेब्रुवारीची तेवढीच नंतर. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागी मावळतो, परतताना त्याच जागी पुन्हा मावळतो. शून्य सावलीचंही तसंच, फक्त तिथे २१ जून मध्ये असतो. आणि वाटेत उंच बांधकाम आलं की किरण अडतात, कारण प्रकाशाला वळण घेऊन जाता येत नाही.

५. ट्यूबलाइट, पेन्सिल आणि ग्रहण

पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हाचा हा खेळ. ट्यूबलाइटखाली टेबलावर कागद ठेवा, वर वीतभर उंचीवर पेन्सिल धरा. ट्यूबला समांतर धरली की सावली ठळक. तीच आडवी फिरवली की सावली जवळजवळ विरून जाते. आता ट्यूब बंद करून मोबाइलचा टॉर्च लावा, कशीही धरा, कड रेखीव. उगम लहान तर कड तीक्ष्ण, उगम पसरट तर उपच्छाया मोठी. हे मुलांनी स्वतः सांगेपर्यंत थांबा.

मग चौकटीतला १०७ काढा: वस्तूची प्रच्छाया तिच्या रुंदीच्या १०७ पट अंतरापर्यंतच पोचते. अर्धा मीटर रुंद पतंग साधारण ५५ मीटरच्या वर गेला की त्याची प्रच्छाया जमिनीपर्यंत पोचतच नाही. उंच विमानाची सावली आपल्याला का दिसत नाही, तेही आलंच. चंद्राचा व्यास सुमारे ३,४७६ किलोमीटर, गुणिले १०७ म्हणजे ३ लाख ७२ हजार किलोमीटर. आणि चंद्र आपल्यापासून कधी साडेतीन लाखांच्या थोडा पलीकडे, कधी चार लाखांच्या वर. जवळ असला तर प्रच्छाया पृथ्वीला टेकते आणि खग्रास ग्रहण होतं, दूर असला तर टोक हवेतच संपतं आणि कंकणाकृती दिसतं. मी हा गुणाकार फळ्यावर न करता मुलांना करू देते.

६. आरसा

टॉर्चपुढे कंगवा उभा धरा, कागदावर किरणांचे पट्टे पडतील. समोर आरशाची पट्टी उभी करा, पट्टे वळतील. एक पट्टा ठेवून बाकीचे काळ्या कागदाने झाका. आता आरशाची रेघ, आरशावर येणारा (आपाती) किरण आणि परत फिरणारा (परावर्तित) किरण टिंबांनी नोंदवा.

सगळ्यात मोठी चूक रेघेची. घरातल्या आरशाला चकाकी मागच्या बाजूला असते, काच तीन-चार मिलिमीटर जाड असते. किरण मागच्या थरावरून फिरतो. पेन्सिलची रेघ आरशाच्या मागच्या कडेने मारा. पुढच्या कडेने मारली की दोन्ही किरण रेघेवर एका बिंदूत मिळत नाहीत, आणि मग मुलं ती ओढूनताणून जुळवतात.

दुसरी चूक कोनाची. आपतन कोन आणि परावर्तन कोन दोन्ही स्तंभिकेपासून, म्हणजे किरण टेकतो तिथे आरशाला काढलेल्या लंबापासून मोजायचे, आरशापासून नाही. ३०, ४५, ६० असे तीन कोन घ्या. एखाद-दोन अंशांचा फरक आला तर तो तसाच लिहू द्या.

मग आरसा १० अंश फिरवा. किरण २० अंश फिरेल. खिडकीतून कवडसा खेळवताना हात जरासा हलला तरी भिंतीवरचा कवडसा एवढा धावतो, त्याचं कारण हे.

उजवं-डावं उलटतं हे सगळ्यांना पाठ असतं. पण आरशापुढे उजवा हात वर करा, आरशातलाही त्याच बाजूचा हात वर होतो. वर ते वर, उजवीकडचं उजवीकडेच. उलटतं ते पुढचं-मागचं. चेहऱ्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकवर नाव लिहून आरशासमोर धरा: प्लास्टिकमधून दिसणारं आणि आरशातलं, दोन्ही अक्षरं सारखीच दिसतात. वहीचं पान आपण आरशाकडे वळवतो, ते वळवणंच अक्षरं उलटी करतं. यावर अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

पूर्ण उंची दिसायला आपल्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ७० सेंटिमीटरचा, पण त्याची वरची कड डोळे आणि डोक्याचं टोक यांच्या मध्यावर हवी. कपाटाच्या आरशावर साबणाने दोन रेघा मारून तपासा. मागे सरकून बघा, रेघा बदलाव्या लागत नाहीत. मोठ्या माणसांनाही हे आधी खरं वाटत नाही.

दोन पट्ट्या पुस्तकासारख्या उघडून मध्ये मणी ठेवला की ९० अंशांत ३ प्रतिमा, ६० ला ५, ४५ ला ७. ३६० भागिले कोन, वजा एक. कोनाने ३६० ला सम संख्येत भाग जात नसेल तर मणी कुठे ठेवला यावर उत्तर बदलतं, म्हणून हेच तीन कोन घ्या. तिसरी पट्टी जोडून त्रिकोणी नळी केली की कॅलिडोस्कोप तयार. बांगड्यांचे तुकडे आत घालण्याआधी त्यांच्या कडा तपासा.

७. वही

प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, गाव, आभाळ कसं होतं आणि काठीची उंची. फसलेला प्रयोग खोडायचा नाही, खाली फक्त कारण लिहायचं: ‘काठी कललेली होती’, ‘ढग आला’, ‘रेघ पुढच्या कडेने मारली’. माझ्याकडे अशा वह्यांचा गठ्ठा आहे. नवा वर्ग आला की आधीच्या वर्गाची २१ मार्चची पानं त्यांच्या हातात देते आणि गच्चीवर त्याच खुणेच्या जागी काठी उभी करायला सांगते.